घरच्या शेडसाठी पहिलं टिग मशीन: आधी गॅसवाला गाठा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याजवळ घरामागं १२ बाय १५ ची पत्र्याची शेड आहे, लाइट सिंगल फेज, आर्क (रॉडचं) वेल्डिंग थोडंफार येतं. आता स्टेनलेसचे पातळ पाइप, किचनची रॅक, बुलेटचा सायलेन्सर आणि जमलंच तर ॲल्युमिनियम असं सगळं टिगनं, म्हणजे टंगस्टनच्या सळीनं आणि आर्गन गॅसच्या आवरणात होणाऱ्या वेल्डिंगनं, स्वतः जोडायचंय. बजेट २५ हजार. ऑनलाइन १७ हजारांत 'टिग, आर्क आणि प्लाझ्मा कटिंग तिन्ही एकात' असं मशीन दिसलंय, ते घेऊ का? आणि कंपनी कुठली बघू?

ते तीन-एकात मशीन नका घेऊ. कारण पुढं येईलच, कंपनीचंही पुढं बोलू. पण त्याआधी एक काम करा. मोबाइलवर मशीन बघणं दोन दिवस थांबवा आणि तुमच्या जवळच्या गॅस एजन्सीत जाऊन या. घरगुती सिलिंडरवाल्याकडं नव्हे, ऑक्सिजन-आर्गनवाल्याकडं.

मी २४ वर्षं टिग मारतोय. त्यातली पहिली ९ वर्षं डेअरीच्या दुधाच्या पाइपलाइनवर गेली, नंतर कोल्हापूरजवळ शिरोलीला स्वतःची लहान शेड टाकली. तिथं हौशी लोक अधूनमधून मशीन उचलूनच घेऊन येतात: "दादा, हे चालत नाही, जरा बघा." दहातल्या सात-आठ वेळा मशीन ठीक असतं. आर्गन संपलेलं असतं, किंवा नळी कुठंतरी गळत असते, किंवा आर्गन परवडत नाही म्हणून मिगसाठीचा (तार आपोआप पुढं येणाऱ्या वेल्डिंगसाठीचा) मिक्स गॅस लावलेला असतो. मिक्समध्ये कार्बन डायऑक्साइड असतो. त्यात टंगस्टन धरला की टोक डोळ्यांदेखत जळतं, पिवळसर-निळी पूड उडते आणि माणूस म्हणतो टंगस्टन डुप्लिकेट आहे. टिगला शुद्ध आर्गनच लागतं. त्याला पर्याय नाही, आणि खरा खर्चही तिथंच आहे.

मोठं सिलिंडर ७ घनमीटरचं. आर्गनचं म्हणून निळ्या रंगाचं, माणसाच्या खांद्याएवढं, भरलेलं असताना एकट्यानं उचलायचा विचारही करू नका. त्यात साधारण ७ हजार लिटर गॅस. मिनिटाला ८ लिटर सोडलात तर १४ तासांवर आर्क चालेल. आर्क चालू असतानाचे १४ तास म्हणजे हौशी माणसाला सहा महिने सहज पुरतात, कारण आपला बहुतेक वेळ घासण्यात, मापं घेण्यात आणि चहात जातो. लहान सिलिंडर १० लिटर पाण्याच्या मापाचं असतं. १५० बारला त्यात दीड हजार लिटर गॅस मावतो, म्हणजे तीन तासांची आर्क. स्कूटरच्या पायाशी ठेवून लोक नेतात हे मी पाहिलंय. तुम्ही तसं नेऊ नका, गाडीच्या डिकीत बांधून न्या, वर व्हॉल्व्हची टोपी लावून.

लहान सिलिंडर दिसायला सोयीचं, पण भरण्याचा दर लिटरमागं पाहिला तर महागच पडतं, शिवाय काही एजन्सी दुसऱ्याचं लहान सिलिंडर भरून देत नाहीत. म्हणून एजन्सीत हे विचारा: डिपॉझिटवर देता की विकत घ्यावं लागेल? माझं सिलिंडर मलाच परत मिळेल की बदलून? भरायला किती दिवस लागतात? विकत घेताना सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली टेस्टची तारीख बघा. पाच वर्षांनी टेस्ट करावी लागते. तारीख उलटून गेलेलं स्वस्तात मिळालं तर एजन्सी ते भरणार नाही आणि तुमच्या गळ्यात लोखंडी खांब पडेल. एकाला जुन्या बाजारात असं सिलिंडर 'फक्त तीन हजारांत' मिळालं होतं. टेस्टिंग, व्हॉल्व्ह आणि हेलपाटे धरून ते त्याला नव्यापेक्षा महाग पडलं.

आता पैशाचा हिशेब. गावागणिक भाव वेगळे असतात, पण आमच्या भागात अंदाजे असं बसतं. लहान सिलिंडर भरलेलं ७-८ हजार. फ्लोमीटरवाला रेग्युलेटर दीड-दोन हजार. दोन घड्याळांचा साधा रेग्युलेटर घेऊ नका. काचेच्या नळीत गोळी वरखाली होणारा घ्या, म्हणजे मिनिटाला किती लिटर जातंय ते दिसतं. डोळ्यांपुढं धरायची वेल्डिंगची काच दीड-दोन हजार, टंगस्टन, नोझल, फिलर (जोडात वितळवायची तार) मिळून दीड-दोन हजार, वायरिंग हजार-दीड हजार. झाले १३-१४ हजार. मशीनला उरले ११-१२ हजार. १७ हजारांचं मशीन घेतलंत तर गॅसशिवाय बसावं लागेल, आणि आमच्याकडं येणाऱ्या हौशी लोकांचं घोडं नेमकं तिथंच अडतं.

घाबरू नका, ११-१२ हजारांत चालणारं डीसी टिग मशीन मिळतं. फक्त ते ॲल्युमिनियम जोडणार नाही, हे आत्ताच मान्य करून टाका.

ॲल्युमिनियमचा विषय इथंच संपवतो. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्यावर हवेत आपोआप जो ऑक्साइडचा थर बसतो तो २००० अंशांच्या वर. डीसी टिगनं तापवलंत तर आतलं धातूचं पाणी होतं आणि वरची साय तशीच राहते, दुधावरच्या सायीसारखी सुरकुतते, काही केल्या दोन कडा एकत्र येत नाहीत. एसी करंटमध्ये अर्ध्या वेळी करंट उलटा वाहतो आणि तो ही साय फोडून काढतो, म्हणून ॲल्युमिनियमला एसी-डीसी मशीन लागतं. ते ३५-४० हजारांच्या पुढंच सुरू होतं. त्याखालच्या किमतीत 'ॲल्युमिनियमही होतं' असं लिहिलेलं दिसलं तर बारीक अक्षरं वाचा, बहुतेक वेळा आर्कच्या रॉडनं होतं असा अर्थ असतो. वर्षाला चार ॲल्युमिनियमची कामं निघत असतील तर ती एखाद्याकडून दोन-तीनशे रुपयांत करून घ्या. हात बसला, पैसे साठले, की मग एसी-डीसी घ्या, आणि हे डीसी मशीन तेव्हाही विकावंसं वाटणार नाही.

तीन-एकात मशीनचं काय? त्यात तिन्ही गोष्टी एकाच डब्यात, एकाच पंख्याच्या हवेवर, बऱ्याचदा एकाच बोर्डवर. प्लाझ्मा कटिंगला ४-५ बारची कोरडी हवा लागते, म्हणजे कॉम्प्रेसर आला. तो तुमच्या यादीत नाहीच. पावसाळ्यात टाकीतलं पाणी हवेबरोबर टॉर्चमध्ये (हातात धरायच्या मुठीत) जातं आणि टिप फुटते. ती टिप दर वेळी विकत घ्यावी लागते. शिवाय कटिंगचा भाग गेला की दुरुस्तीला सगळा डबा जातो, आणि टिगही बंद. पत्रा कापायला चार इंची ग्राइंडर पुरतो.

मग ११-१२ हजारांच्या मशीनमध्ये काय बघायचं? जाहिरातीत मोठ्या अक्षरांत '२०० अँपिअर', '२५० अँपिअर' असतं. तो आकडा तुमच्या कामाचा नाही. स्टीलला जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर असा आमचा ठोकताळा, स्टेनलेसला त्याहून थोडं कमी. तुमची रॅक १.२ मिलिमीटरची, सायलेन्सर तेवढाच. म्हणजे तुम्ही आयुष्यभर ३० ते ८० अँपिअरमध्येच खेळणार. ३ मिलिमीटरची पट्टी आली तर १२०. २०० आणि २५० मधला फरक विसरा.

वरच्या टोकापेक्षा खालचं टोक बघा. मशीन १० अँपिअरवर आर्क शांत धरून ठेवतं का? पातळ पत्र्याच्या कडेला शेवट करताना तेच उपयोगी पडतं. काही मशीनचा डिस्प्ले १० दाखवतो आणि प्रत्यक्षात २५ सोडतो. एकदा एक पोरगा '२०० अँपिअर'चं मशीन घेऊन आला. डीसी क्लॅम्प मीटर लावून पूर्ण बटण फिरवलं तर १३८ वर अडकलं. डिस्प्ले मात्र छान २०० दाखवत होता. त्याला वाईट वाटलं, मला विशेष नाही, कारण त्याचं काम ६० मध्ये होणार होतं. पण खाली १० लावून बघितलं तर २८. तिथं खरी पंचाईत होती.

ड्युटी सायकलचंही तसंच. '६०% @ २०० अँपिअर' म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं त्या करंटवर चालेल. हे ४० अंश तापमानात मोजायचं असतं. स्वस्त मशीनवर तापमान लिहिलेलंच नसतं, किंवा २०-२५ अंशांवर मोजलेलं असतं. तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी ४० सहज होतं. पण तुम्ही ६० अँपिअरवर चार इंच वेल्ड करून दोन मिनिटं कपाळ पुसणार, त्यामुळं मशीनच्या आधी तुम्हीच गरम व्हाल.

जिथं पैसे घालायचे ती गोष्ट म्हणजे आर्क कशी सुरू होते. तीन प्रकार आहेत. एक, टंगस्टन काडीसारखा घासून. दोन, टेकवून उचलायचा, म्हणजे लिफ्ट. तीन, बटण दाबलं की हवेतूनच ठिणगी उडते, म्हणजे एचएफ, हाय फ्रिक्वेन्सी. मी शिकलो ते घासूनच शिकलो, आणि पाइपलाइनवरची बरीच उस्ताद मंडळी अजूनही तसंच मारतात. पण नवख्या हाताला एक मिलिमीटरच्या स्टेनलेसवर एचएफच हवं. टंगस्टन टेकला की टोक खराब, पत्र्यावर ठिपका, मग परत ग्राइंडरवर जा. शिकताना माणूस टंगस्टन तासण्यातच कंटाळतो.

एचएफचा एक त्रास असतो. ठिणगीबरोबर रेडिओसारखा गोंगाट बाहेर पडतो. मोबाइल मशीनवर ठेवू नका. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांना शेडच्या आसपास येऊ देऊ नका, आणि एचएफ मशीन घ्यायच्या आधी डॉक्टरांशी बोला. माझ्या शेडमधला कॅमेरा आर्क सुरू होताना अजूनही क्षणभर आंधळा होतो.

दुसरी गोष्ट पोस्ट-फ्लो. आर्क बंद झाल्यावरही काही सेकंद गॅस वाहत राहिला पाहिजे. दर १० अँपिअरला एक सेकंद धरा. ५० अँपिअरला पाचेक सेकंद. तेवढा वेळ टॉर्च हलवायचा नाही, जिथं थांबलात तिथंच धरून ठेवायचा. लाल टंगस्टन आणि लाल वेल्ड दोन्ही तेवढ्यात निवतात. नवा माणूस बटण सोडल्या सोडल्या टॉर्च उचलून काच वर करतो, कसं झालंय बघायला. वेल्डच्या शेवटाला राखाडी खपली आणि टंगस्टनचं टोक निळं-काळं. हे दिसलं की समजावं, घाई झाली.

तिसरी, डाउन-स्लोप. करंट एकदम न तुटता हळूहळू उतरतो, म्हणजे शेवटचा खड्डा भरून येतो. हे नसेल तर स्टेनलेसच्या शेवटाला ताऱ्यासारखी बारीक चीर पडते. ४-टी असेल तर बटण दाबून सोडलं तरी आर्क चालू राहते, लांब वेल्डला बोट दुखत नाही. पायाचं पेडल लावायला सॉकेट असेल तर उत्तम, पण त्यासाठी बजेट मोडू नका. पल्स, 'कोल्ड वेल्ड', 'लेझर मोड' ही नावं हल्ली खूप दिसतात. पातळ स्टेनलेसला पल्स चांगलाच, पण हात बसल्यावर. सुरुवातीला ती बटणं बोटाला खाज सुटावी म्हणूनच असतात.

टॉर्च बघायला विसरू नका. हौशी कामाला १७ नंबरचा टॉर्च पुरे. २६ नंबर जास्त करंट सोसतो, पण जड आहे. स्वस्त मशीनबरोबरच्या टॉर्चची केबल इतकी कडक असते की मनगट केबलशी भांडतं, आर्ककडं लक्षच राहत नाही. दुकानात केबल हातावर गुंडाळून बघा. हजार-दोन हजार जास्त देऊन मऊ केबलचा टॉर्च घेतलात तर मशीन बदलल्याइतका फरक वाटेल. १७ आणि २६ ला कोलेट (टंगस्टन पकडणारी चिमटी), कोलेट बॉडी, नोझल सारखीच लागतात आणि ती कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात मिळतात, म्हणून या दोन नंबरांच्या बाहेर जाऊ नका.

कंपनी कुठली, असं तुम्ही विचारलंय. ॲडॉर किंवा ईसॅब यांसारख्या जुन्या कंपन्यांचं नवं टिग मशीन घ्यायला गेलात तर तुमचं जवळजवळ सगळं बजेट मशीनच खाईल. परवडत असतं तर मी तेच म्हटलं असतं. त्या खालच्या किमतीत बाजारात जी नावं आहेत त्यांतल्या बऱ्याच मशीनचं पोट एकसारखंच, बाहेरून आणलेलं, रंग आणि स्टिकर वेगळं. म्हणून मी नावापेक्षा दुरुस्ती करणारा माणूस बघतो. साताऱ्यात किंवा कऱ्हाडला इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक बोर्डवालं) वेल्डिंग मशीन उघडणारा कोण आहे ते शोधा आणि त्यालाच विचारा: "तुमच्याकडं कुठल्या मशीनचे बोर्ड मिळतात?" तो ज्याचं नाव घेईल ते घ्या. मशीन कधीतरी जाणारच, एक वर्षाच्या वॉरंटीत जाईल नाहीतर तेराव्या महिन्यात. तेव्हा १५ किलोचा डबा कुरिअरनं दिल्लीला पाठवायचा की मोटारसायकलवर घालून कऱ्हाडला न्यायचा, एवढाच फरक आहे.

जुनं घेऊ का, असं पुढं कुणीतरी विचारेलच. एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या युनिटमधून जुने ट्रान्सफॉर्मरवाले टिग सेट निघतात. दणकट असतात, पण शंभर-दोनशे किलोचे आणि दोन किंवा तीन फेजवर चालणारे. सिंगल फेजच्या घरात ते शोभेची वस्तू आहेत.

तुमच्याकडं आर्कचं डीसी इन्व्हर्टर आधीच असेल तर एक स्वस्तातली वाट आहे. गॅसचा खटका असलेला टॉर्च मिळतो, १७-व्ही किंवा २६-व्ही. तो त्याच मशीनला लावा, नळी थेट रेग्युलेटरला. गॅस हातानं सोडायचा, टंगस्टन घासून आर्क काढायची, शेवटाला टॉर्च झटक्यात बाजूला घेऊन आर्क तोडायची आणि लगेच परत वेल्डवर आणून गॅस धरायचा. डाउन-स्लोप नाही, एचएफ नाही, सगळं हातात. पण टिग आपल्याला आवडतं का हे कळायला अडीच-तीन हजार पुरतात. आणि नंतर मशीन घेतलंत तरी सिलिंडर, रेग्युलेटर, काच, टंगस्टन सगळं तेच चालतं. मला विचाराल तर बऱ्याच जणांनी आधी हेच करावं.

यात एक चूक हमखास होते. आर्क वेल्डिंगला रॉडचा होल्डर पॉझिटिव्हला असतो. टिगला टॉर्च निगेटिव्हला आणि अर्थची केबल पॉझिटिव्हला लावायची. डीसी टिगमध्ये उष्णतेचा सुमारे ७० टक्के भाग कामाकडं, म्हणजे जोडायच्या तुकड्याकडं, जातो आणि ३० टक्के टंगस्टनकडं. उलटं लावलंत तर टंगस्टनचं टोक दोन सेकंदांत गोळी होऊन थरथरतं आणि कामावर टपकतं. कुणी "टंगस्टन वितळतो" म्हणत आलं की मी आधी केबल बघतो.

आता लाइट. सिंगल फेजवर टिग चालतं, आणि आर्क वेल्डिंगपेक्षा सोपं चालतं, कारण टिगच्या आर्कचं व्होल्टेज कमी. १०० अँपिअरला टिगचं व्होल्टेज साधारण १४, आर्क वेल्डिंगचं २४. म्हणजे टिगला १०० अँपिअरवर बाहेर जातात १.४ किलोवॉट, मशीनचं नुकसान आणि पॉवर फॅक्टर धरून लाइनवर ११-१२ अँपिअर. १६ अँपिअरच्या सॉकेटवर भागतं. २०० अँपिअर मागितलेत तर लाइनवर २८ च्या आसपास, ते घरच्या सॉकेटचं काम नव्हे. एमसीबी सी-कर्व्हचा लावा. बी-कर्व्हचा मशीन चालू करतानाच उडतो, कारण आतले कपॅसिटर भरताना क्षणभर जोराचा करंट ओढतात.

वायरीत कंजूषी करू नका. घरापासून शेडपर्यंत ३० मीटर १.५ स्क्वेअरची वायर टाकलीत तर २५ अँपिअरला १८ व्होल्ट वायरीतच जातात. ४ स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरीत ७. गावाकडं संध्याकाळी लोकांच्या मोटारी सुरू झाल्या की २३० चे २०० होतात, त्यातून १८ गेले तर मशीन आपोआप बंद-चालू व्हायला लागतं. मग लोक स्टॅबिलायझर घ्यायला धावतात. आधी वायर बदलावी. अर्थिंग नीट हवं हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. शेडचं अर्थिंग पत्र्याच्या खांबाला बांधलेलं मी पाहिलंय.

काच ऑटो-डार्कनिंग (आर्क लागताच आपोआप काळी होणारी) घ्या, पण टिगसाठी कमी करंटवर काळी होणारी. दोन सेन्सरच्या स्वस्त काचा २०-३० अँपिअरच्या आर्कला मध्येच उजळतात, त्यातला एखादा सेन्सर टॉर्चवाल्या हातामागं गेला तर विचारूच नका. चार सेन्सरची घ्या. काचेच्या काळेपणाचा नंबर (शेड) ९ ते १३ बदलता येणारा हवा, ५०-६० अँपिअरला १० चालतो. टिगला धूर नाही, ठिणग्या नाहीत, म्हणून लोक बनियनवर बसतात. धूर नसल्यामुळंच अतिनील किरणं आर्क वेल्डिंगपेक्षा जोरात अंगावर येतात. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात गळ्याखाली शर्टाच्या व्ही-आकाराचं कातडं सोललं होतं, आठवडाभर कॉलर लावता येत नव्हती. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, वरचं बटण लावून.

आणि वेल्डच्या आधी तेल पुसायला ब्रेक-क्लीनर वापरू नका. काहींमध्ये क्लोरीनवाले सॉल्व्हंट असतात आणि आर्कच्या प्रकाशात त्यांचा फॉस्जीन होतो, तो जीवघेणा आहे. ॲसिटोननं पुसा, पूर्ण वाळू द्या, बाटली लांब ठेवा. बुलेटच्या सायलेन्सरवरचा क्रोमचा मुलामा जोडाच्या दोन्ही बाजूंनी घासून काढा, मास्क लावून. गॅल्व्हनाइझ्ड पाइपाचा जस्ताचा मुलामाही तसाच काढायचा, नाहीतर त्या धुरानं रात्री थंडी-ताप भरतो. शेडचं दार उघडं ठेवा, पण वारा थेट टॉर्चवर येऊ देऊ नका. पंखा वेल्डच्या दिशेला लावलात तर गॅस उडून जातो आणि दोष परत टंगस्टनवर.

दुकानात जाताना खिशात १.२ मिलिमीटर स्टेनलेसचे दोन तुकडे न्या, ॲसिटोननं पुसून. दुकानदाराला सिलिंडर लावून दाखवायला सांगा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. आधी १० अँपिअर लावून आर्क काढा, दहा वेळा. दहाही वेळा बटण दाबताच आली पाहिजे. मग ४५ वर लावा, टॉर्च एका जागी तीन सेकंद धरून सोडा आणि न हलवता गॅस थांबेपर्यंत थांबा. नाण्याएवढा ठिपका उमटेल. तो चकचकीत, कडेला सोनेरी-निळसर असेल तर गॅस, नळी, टॉर्च सगळं धड आहे. राखाडी, काजळी धरल्यासारखा असेल तर कुठंतरी हवा शिरते. ही परीक्षा पुढं घरीही दर वेळी काम सुरू करायच्या आधी भंगाराच्या तुकड्यावर करायची, मी २४ वर्षांनीही करतो.

टंगस्टन १.६ मिलिमीटरचा, सोनेरी टोकाचा घ्या, लँथनमचा. लाल टोकाचा सगळीकडं मिळतो आणि चालतोही छान, पण त्यात थोरियम असतं, किंचित किरणोत्सारी. धरायला धोका नाही, तासताना उडणारी पूड नाकात जाऊ नये. सोनेरी मिळत असताना ती भानगड हवी कशाला? तासताना टंगस्टन चाकाला उभा धरा, रेषा टोकाकडं धावल्या पाहिजेत. आडव्या रेषा पडल्या की आर्क भटकते. टोकाची लांबी जाडीच्या दुप्पट-अडीचपट. नोझल ६ नंबरचं, गॅस ७ लिटर, फिलर ३०४ स्टेनलेसला ३०८-एल, लोखंडाला ७०-एस-२ किंवा ७०-एस-६. स्टेनलेस लोखंडाला जोडायचं झालं तर ३०९-एल. एवढ्यावर तुमची पहिली दोन वर्षं निघतील.

शिकायला थेट पातळ स्टेनलेसवर बसू नका. २ मिलिमीटरचं लोखंड घ्या, वरची निळी-काळी खपली ग्राइंडरनं पांढरी होईपर्यंत काढा, आणि पहिले दोन-तीन दिवस फिलर न घालता नुसतं पाणी करून ते सरळ रेषेत पुढं न्या. वितळलेल्या ठिपक्याला आम्ही पाणीच म्हणतो. पाणी एका मापाचं राहिलं की हात बसतोय समजा. मग डाव्या हातात तार. तारेचं टोक गॅसच्या बाहेर ओढायचं नाही, गरम टोक हवेत गेलं की काळं पडतं आणि तेच परत पाण्यात जातं. सायकलची फ्रेम, स्टँड, ज्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे असं काहीही पहिल्या वर्षात नको.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं. मशीन जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, आठवड्यातून एकदा वेल्ड करायचं नसलं तरी पंधरा मिनिटं चालू करून ठेवा. ओलाव्यानं बोर्ड खराब होतात. आणि मागच्या जाळीतून पाली आत शिरतात. गेल्या वर्षी तीन मशीन उघडली, दोनांत बोर्डावर पाल भाजून चिकटलेली. जाळीला बारीक जाळी लावा, हवा अडेल इतकी नको. ग्राइंडिंग करताना मशीनवर फडकं नको, मशीनच दुसऱ्या कोपऱ्यात न्या, लोखंडाची पूड पंखा आत ओढतो.

आता तुमच्याकडून मला दोन आकडे हवेत. संध्याकाळी साडेसातला शेडमधल्या सॉकेटवर मल्टीमीटर लावा, हीटर किंवा इस्त्री चालू ठेवून किती व्होल्ट येतात ते बघा. आणि एजन्सीत लहान सिलिंडर भरून मिळतं का, किती दिवसांत, ते विचारा. १९५ च्या खाली आलं तर कमी व्होल्टेजवर चालणारं मशीन बघावं लागेल, आणि सिलिंडर महिनाभरानं मिळणार असेल तर मोठं घ्यायचा हिशेब परत मांडू.